धार आणि जवारी

आमच्या घरात दिवस उजाडायचा तो धार लावायच्या चाकाच्या आवाजाने. माझे वडील, आम्ही त्यांना अब्बा म्हणायचो, बारामतीत शिकलगारीचं काम करत. विळे, अडकित्ते, शिंप्यांच्या कात्र्या, आणि ऊसतोडीचा हंगाम आला की कोयते. दिवाळीनंतर नगर-बीडकडून टोळ्या यायच्या, कारखान्यांची धुराडी पेटायची आणि आमच्या ओट्यावर कोयत्यांचा ढीग पडायचा. अब्बा पातं चाकाला टेकवत आणि मान तिरकी करून ऐकत. पातं नीट बसलं की आवाजातली खरखर जाते आणि एकच सूर उरतो, असं ते म्हणत.

हा कान त्यांनी मिरजेहून आणला होता. १९५८ साली, अठराव्या वर्षी, ते घर सोडून मिरजेला गेले आणि तंतुवाद्यं बनवणाऱ्या एका कारागिराच्या हाताखाली राहिले. मिरजच का, तर तिथे हा धंदा ज्यांनी सुरू केला ते फरीदसाहेब मूळचे शिकलगार. एकोणिसाव्या शतकात तलवारींचे दिवस मावळले होते. मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांना गाण्याची आवड. बिघडलेली वाद्यं दुरुस्त करायला कुणी मिळेना, तेव्हा हे काम फरीदसाहेबांकडे आलं, असं सांगतात. हत्यारांना धार लावणारा हात तंबोऱ्याकडे वळला, ही गोष्ट अब्बा आम्हाला निजताना सांगायचे. राजाराणीच्या गोष्टी त्यांना येतच नव्हत्या.

तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याच्या बाजूने. तो कडू असतो, खायच्या कामाचा नाही, पण त्याची साल जाड. महिनोन् महिने वाळवायचा, कापायचा, आतून कोरायचा, मग त्याला तुणीच्या लाकडाची दांडी जोडायची. एवढं सगळं झालं तरी तंबोरा अजून मुकाच असतो. तो बोलतो जवारी लावल्यावर. तार ज्या घोडीवरून जाते, तिचा माथा कानशीने इतका हलका घासायचा, की तार तिला हळूच स्पर्श करत थरथरेल. मग तार आणि घोडीच्या मध्ये सुताचा धागा सरकवायचा. एका जागी धागा आला की त्या एका तारेतून अनेक स्वर उमलतात. सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ मध्ये याच घोडीबद्दल शोधनिबंध लिहिला होता. अब्बांना रामन ठाऊक नव्हते. कानशीचा एक हात जास्त फिरला की दिवसभराचं काम वाया जातं, हे मात्र ठाऊक होतं.

दीड वर्षाने माझे आजोबा वारले. मागे आजी आणि लग्नाच्या दोन आत्या. अब्बा परत आले ते कायमचे. सोबत एक बारीक कानस आणि एक कोरलेला भोपळा. त्याला दांडी कधी जोडली गेली नाही. आत्यांची लग्नं झाली, मग आम्ही चार भावंडं झालो. भोपळा आढ्याला टांगलेला. अम्मा म्हणायची, "अहो, निदान त्यात बाजरी तरी ठेवू द्या." अब्बा हसायचे आणि रेडिओ लावायचे. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ यांचं गाणं लागलं की चाक थांबायचं, गिऱ्हाईकही थांबायचं. १९३७ मध्ये प्रवासात वारलेल्या खाँसाहेबांना मिरजेत दर्ग्याच्या आवारात दफन केलं. उरुसात तिथे गाणी होतात. एसटीच्या भाड्यापुरते पैसे बाजूला पडले, की अब्बा त्या रात्री मिरजेत असायचे.

दरवर्षी आषाढात तुकोबांची पालखी बारामतीत मुक्कामाला येते. एका दिंडीच्या विणेकऱ्याला कुणीतरी अब्बांचं नाव सांगितलं असावं. मग दर मुक्कामाला एक-दोन वीणा आमच्या ओट्यावर येऊ लागल्या. अब्बा हातपाय धुऊन बसायचे, मिरजेची ती कानस काढायचे. पैसे कधी घेतले नाहीत. "भोपळा तुमच्या पंढरपूरकडचाच, माझं काय जातंय?" म्हणायचे.

आता जे सांगायचं आहे, ते सांगायला मला इतकी वर्षं लागली. बी.ए.ला प्रवेश घेताना अर्जात वडिलांचा व्यवसाय लिहायचा होता. वर्गातल्या मुलांचे वडील बागायतदार, मास्तर, बँकेत. मी लिहिलं, 'व्यापार'. तो अर्ज धाकट्या बहिणीने अब्बांना मोठ्याने वाचून दाखवला. अब्बांनी चाक थांबवलं. म्हणाले, "व्यापार? आपण काय विकतो रे?" एवढंच. पुन्हा तो विषय काढला नाही. माझी फी मात्र त्याच चाकावर भरली गेली. पुढे माझ्या कविता छापून आल्या, तेव्हा ते मला त्या वाचायला लावायचे. एखाद्या ओळीला मान तिरकी व्हायची. "इथे खरखर आहे," म्हणायचे. मी वाद घालायचो आणि रात्री ती ओळ बदलायचो.

२०११च्या थंडीत अब्बा गेले. मृत्यूची नोंद करताना कारकुनाने विचारलं, "व्यवसाय?" मी म्हणालो, "शिकलगार." त्याने वर पाहिलं. "शेतकरी लिहू का? सोपं पडतं." मी म्हणालो, "नाही. शिकलगारच लिहा." त्याने लिहिलं. वीस वर्षं उशिरा का होईना, एक अर्ज बरोबर भरला गेला.

पुढच्या आषाढात ओट्यावर एक म्हातारे विणेकरी आले. "चाचा आहेत का?" मी सांगितलं. ते खाली बसले, बराच वेळ बोलले नाहीत. मी कानस आणून त्यांच्यापुढे ठेवली आणि म्हणालो, "माऊली, मला हे काम येत नाही. नेता का ही?" त्यांनी मान हलवली. वीणा मांडीवर घेऊन त्यांनी तारा छेडल्या. "गेल्या साली चाचांनी लावलेली जवारी आहे, पोरा. अजून बोलतीये. हिला हात लावू नकोस."

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. बातमी वाचली आणि वर आढ्याकडे पाहिलं. भोपळा तिथेच आहे. कानस माझ्या लिहायच्या टेबलावर असते. अधूनमधून ती पुसून तेलाचा हात देतो, कारण अब्बांचा नियम होता, हत्यार वापरलं नाही तरी गंजू द्यायचं नाही.