सीट उचलून बघितलीच नाही

मंगरूळपीर तालुक्यातून आम्ही बोलतोय. गेल्या वर्षी आमच्या गटाने एक जुनी ओमनी घेतली, तिची गोष्ट आज सांगायची आहे.

ही गाडी तुमच्या ओळखीचीच. वऱ्हाडाला तीच, दवाखान्याला तीच. आराखडा मात्र जपानच्या सुझुकीचा. 1983 च्या डिसेंबरात गुडगावच्या कारखान्यातून पहिली मारुती निघाली आणि पुढच्याच वर्षी ही व्हॅन आली. 2019 मध्ये ती बनवणं थांबलं. आता मिळेल ती जुनीच, पण सुटे भाग अजून मिळतात. तूरडाळ, पापड, मसाला बाजाराला न्यायला बरी म्हणून आम्ही घेतली. दोघींनी लायसन्स काढलं. चालवता यायला लागली तसं वाटलं, आता गाडी आपल्याला कळली.

शेलूबाजारच्या रस्त्यावर मागे बसलेली एक ताई म्हणाली, "वो ताई, हे वाफ कायची निंगून रायली?" काटा कधीच लाल खुणेवर गेला होता. आम्ही म्हटलं, आता जवळ आलंच आहे, पोचलो की बघू. तिथेच चुकलं. पोचायच्या आधी गाडी बंद पडली. हेड गॅस्केट गेलं होतं. तेल तपासायची पट्टी मिस्त्रींनी ओढून दाखवली, तर तेल दुधाच्या चहासारखं. पाणी तेलात मिसळलं होतं. बिल गटाच्या तीन महिन्यांच्या बचतीएवढं झालं. त्या महिन्याच्या बैठकीत कुणी काही बोललं नाही, आणि तेच जास्त लागलं.

ओमनीचं इंजिन पुढच्या सीटखाली असतं. 796 सीसीचं, तीन सिलिंडरचं. समोरून बोनेट उघडून दिसत नाही, म्हणून कुणी बघतही नाही. आम्हीही सीट कधी उचललीच नव्हती.

आता दर शनिवारी सकाळी, इंजिन गार असताना, सीट उचलतो. कूलंट खुणेपर्यंत आहे का, तेल पट्टीवरच्या दोन खुणांच्या मध्ये आहे का, पट्टे तडकलेत का, एवढं बघतो. पाच मिनिटं लागतात. काटा वर चढला की गाडी बाजूला घेऊन बंद करायची. गरम असताना रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, उकळतं पाणी तोंडावर येतं. या इंजिनात आत एक टायमिंग बेल्टही असतो. जुनी गाडी घेताना तो कधी बदलला ते विचारा, आणि सांगता आलं नाही तर आधी तो बदलून घ्या.

दुसरी गोष्ट, गाडीत बदल करण्याची. हौस आम्हालाही होती. मागची सीट काढू, वर मोठा कॅरिअर लावू. एकाने तर घरचं गॅस सिलिंडर बसवून देतो, पेट्रोल वाचेल, असं सांगितलं. बायांनो, हे कुणीही सांगितलं तरी ऐकू नका. तो जिवाशी खेळ आहे, गुन्हाही आहे. सीएनजी बसवायचं तर मान्यताप्राप्त किट, आरसी बुकावर आरटीओची नोंद, आणि दर तीन वर्षांनी टाकीची चाचणी. मोटार वाहन कायद्याच्या 52 व्या कलमानुसार कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. सुप्रीम कोर्टानेही 2019 च्या जानेवारीत तेच सांगितलं. सीट काढली तर बसण्याची संख्या बदलते, म्हणून तेही आधी आरटीओला विचारायचं. आम्ही सीट काढली नाही. मागची दुमडून पोती ठेवतो.

पांढऱ्या पाटीच्या गाडीतून भाडं घेऊन दुसऱ्याचा माल किंवा माणसं नेऊ नका. अपघात झाला तर विमा कंपनी हात वर करते. शेजारणीला नाही म्हणताना जड जातं, आम्हालाही जातं.

राहिले टायर. टायरच्या बाजूवर चार आकडे असतात. 2319 असेल तर 2019 सालच्या 23 व्या आठवड्यात बनलेला. आमचे दोन तर त्याहून जुने निघाले. नक्षी शाबूत दिसत होती, पण रबर कडक होऊन बारीक तडे गेलेले. असे टायर घेऊन आम्ही समृद्धी महामार्गावर चढत नाही. चारही एकदम बदलायचे की दोनच, यावर बैठकीत अजून वाद चालू आहे. कोषाध्यक्ष ताई दोनवर अडून बसल्या आहेत, आणि गाडी चालवणाऱ्या दोघी चारवर.