हृदयाच्या दारात अडकलेली गुठळी



आईच्या पोटातलं मूल स्वतः हवा घेत नाही. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून, आईच्या रक्तातला. फुफ्फुसांना अजून काम नसतं. म्हणून बरंचसं रक्त हृदयाच्या वरच्या उजव्या कप्प्यातून थेट डाव्या कप्प्यात जातं. मधल्या पडद्यात त्यासाठी झडपेसारखं एक दार असतं. मूल जन्मलं, रडलं, की ते लोटलं जातं आणि पुढे चिकटून बसतं. पण सुमारे चारांतल्या एका माणसात ते नुसतं लोटलेलंच राहतं, कडी काही लागत नाही. बहुतेकांना याचा जन्मभर त्रास नसतो, हे आधीच सांगून ठेवतो; नाहीतर आज पुष्कळजण छातीवर हात ठेवून झोपायचे!

घोटाळा सुरू होतो पायापासून. मांडीचं हाड मोडून कोणी महिनाभर खाटेवर पडला, किंवा बाळंतीण फार दिवस निजून राहिली, तर पायातल्या खोल शिरेत रक्त गोठू शकतं. एकच पाय सुजतो, पोटरी दुखते. घरची मंडळी मायेनं तेल लावून तो रगडतात. कृपा करून रगडू नका. गुठळी सुटली तर हृदयातून फुफ्फुसाच्या धमनीत जाऊन बसते. एकाएकी धाप लागते. तिथली वाट तुंबली की उजवीकडचा दाब वाढतो आणि ते लोटलेलं दार उघडतं. मागून येणारी गुठळी क्वचित त्या दारातच अडकते, अर्धी इकडे, अर्धी तिकडे. डावीकडचा तुकडा सुटून मेंदूत गेला, की अर्धांगवायू. पायातली गुठळी या वाटेनं मेंदूत जाते, हे कोनहाइम या जर्मन शास्त्रज्ञानं १८७७ साली दाखवलं.

नळी लावून छाती ऐकली तर ही गुठळी कळत नाही. ती दिसते ध्वनिलहरींच्या प्रतिध्वनीनं, म्हणजे 'इको' तपासणीत. आणि सर्वांत स्पष्ट, अन्ननलिकेत बारीक नळी उतरवून मागच्या बाजूनं पाहिलं असता. हृदय असं पाहण्याची सुरुवात १९५३ साली स्वीडनमध्ये एडलर आणि हर्ट्झ यांनी केली, तीही जहाजाच्या कारखान्यात धातूतले दोष शोधणारं यंत्र मागून आणून! त्याच वर्षी अमेरिकेत गिबननं हृदय-फुफ्फुस यंत्राच्या आधारानं हृदयातलं छिद्र शिवलं.

त्या यंत्रावर आज छाती उघडून गुठळी काढतात आणि दारही शिवून टाकतात. रोगी शस्त्रक्रियेला टिकणार नसेल, तर हेपारिन देतात. त्याला आपण 'रक्त पातळ करणारं' म्हणतो. खरं तर रक्त पातळ होत नाही, गुठळी वाढायची थांबते. गुठळी विरघळवणारं औषधही आहे, पण विरघळता विरघळता तुकडा सुटून मेंदूकडे जाण्याची भीती असते, रक्तस्रावाचीही. इतके थोडे रोगी सापडतात, की कोणता उपाय सर्वांत चांगला यावर डॉक्टरांचं अजून एकमत नाही. प्रत्येक रोग्यापुरता निर्णय घ्यावा लागतो, आणि तोही तासांच्या हिशेबानं.

म्हणून पाय सुजलेल्या माणसाला धाप लागली, तोंड वाकडं झालं किंवा हात लुळा पडला, तर त्याला चालवू नका. १०८ ला फोन करा, आणि डॉक्टरांना धापेबरोबर पायाची सूजही सांगा. ती कधीपासून आहे, तेही.