कायदा दिल्लीचा, फाटक गिरणीचं



नागपुरात एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली, देशातला पहिला फॅक्टरी कायदा १८८१ चा. आधी गिरणी, मागून कायदा, ही चाल जुनीच.

१९४८ च्या फॅक्टरी कायद्याचं १०८ वं कलम काय सांगत होतं? कायद्याचा गोषवारा इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजेल त्या भाषेत फाटकाजवळ लावा. म्हणजे मराठीची गरज दिल्लीनंही मानली होती! पण पाटी लागली की नाही, हे पाहणारा इन्स्पेक्टर राज्याचा. १ नोव्हेंबर १९५६ ला नागपूर मध्य प्रदेशातून मुंबई राज्यात गेलं, १ मे १९६० ला महाराष्ट्रात आलं, तं कायदा तोच राहिला. राबवणारे हात बदलले. भाषेच्या राज्याचा हिशेब इथं आहे बापा, नुसता नकाशात नाही.

२१ नोव्हेंबर २०२५ ला त्या कायद्याच्या जागी नवी संहिता आली. विजेवर चालणारा कारखाना पूर्वी १० कामगारांवर ठरे, आता २० लागतात. १५ माणसांची लूमशेड आता ‘कारखाना’च नाही!

आमचं मागणं एवढंच: पाटी मराठीत लावा, हिंदी बोलणाऱ्या भावांसाठी हिंदीतही. आणि इन्स्पेक्टरनं मालकाच्या हापिसात चहा घेऊन परत न जाता खात्यात यावं, आमच्याशी आमच्या भाषेत बोलावं.