उभी गाडी आणि हँडब्रेक
(सुवर्णमहोत्सवानिमित्त यशवंतपूर येथे दिलेले व्याख्यान)



ज्या व्यासपीठावर साहित्य-संगीताची चर्चा व्हावयाची, तेथे हँडब्रेकसारखा रुक्ष विषय घेऊन मी उभा आहे, याचे आपणांस नवल वाटेल. परंतु आपल्यापैकी काहींच्या घरी फियाट, पद्मिनी अथवा अँबॅसिडर आजही जिव्हाळ्याने जपलेली आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून आपल्या फियाट व पद्मिनी बाहेर पडल्या. मुंबईची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ अखेर निवृत्त झाली. तिच्या भगिनींचा सांभाळ आपण परमुलखात करीत आहोत, ही भूषणाची गोष्ट आहे. तथापि जुन्या वस्तूवरील प्रेम वेगळे आणि तिची निगा वेगळी. या निगेत सर्वाधिक उपेक्षित राहतो तो हँडब्रेक. इंजिन बिघडले तर गाडी चालत नाही. हँडब्रेक बिघडला तर ती नको तेव्हा चालू लागते.

आपले बेंगळूर पठारावर वसले असले, तरी सपाट नाही. डोळ्यांना न जाणवणारा उतारही सुमारे नऊशे किलो वजनाच्या पद्मिनीला पुरेसा असतो. आपल्या गल्ल्यांत त्याच गाडीच्या मागे मुले खेळत असतात, भाजीवाला हातगाडी लावतो. म्हणूनच १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम १२६ अन्वये, चालकाच्या जागी परवानाधारक बसलेला नसेल, तर इंजिन बंद करून ब्रेक लावणे अथवा गाडी आपोआप हलणार नाही अशी तजवीज करणे बंधनकारक आहे.

आता गाडी उभी करण्याचा क्रम पाहू. पायाचा ब्रेक दाबून गाडी थांबवावी, गिअर न्यूट्रलमध्ये आणावा आणि हँडब्रेक पूर्ण ओढावा. मग पायाचा ब्रेक हळूहळू सोडून गाडीचा भार हँडब्रेक पेलतो की नाही, याची खात्री करावी. त्यानंतर पुन्हा ब्रेक दाबून इंजिन बंद करावे व गिअर टाकावा. तोंड चढाकडे असेल तर पहिला, उताराकडे असेल तर रिव्हर्स. उताराकडे तोंड असता पुढील चाके डावीकडे, पदपथाकडे वळवावीत. चढाकडे तोंड असून पदपथाला उंच कडा असेल, तर ती उजवीकडे वळवावीत, म्हणजे गाडी मागे सरकलीच तर चाक कडेला अडेल. कडा नसेल तर दोन्ही वेळी डावीकडेच वळवावीत.

केवळ गिअरवर विसंबणे योग्य नव्हे. गिअरमधील गाडीला इंजिनातील कोंडलेली हवा अडवून धरते. झिजलेल्या इंजिनातून ती हळूहळू निसटते आणि गाडी इंचाइंचाने सरकते. शिवाय गिअरमधील गाडी क्लच न दाबता सुरू केली, तर उडी घेते. हँडल मारून सुरू होणाऱ्या गाडीच्या बाबतीत तर गिअर न्यूट्रलमध्ये आहे व हँडब्रेक ओढलेला आहे, हे पाहिल्यावाचून हँडलला हात लावू नये. ती अंगावर येऊ शकते.

पंक्चर काढताना मागील एक चाक जॅकने उचलले की गिअरची पकडही सुटते. म्हणून जमिनीवरील चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावल्यावाचून जॅक चढवू नये. गावाकडचा गाडीवान बैल सोडण्यापूर्वी चाकाला धोंडा लावीत असे. ते शहाणपण मोटारीलाही लागू आहे.

आता निगेविषयी. बहुतेक जुन्या मोटारींत दांडा ओढला की केबल ताणली जाऊन मागील ड्रममधील ब्रेक-शू दाबले जातात. जुन्या विलीज जीपमध्ये मात्र हा ब्रेक प्रोपेलर शाफ्टवर असे. दांडा पूर्वीपेक्षा अधिक वर येऊ लागला, तर पुष्कळजण केवळ केबल आवळून घेतात. ते चूक आहे. आधी ड्रम उघडून लायनर किती झिजले ते पाहावे, शू जुळवावेत आणि मगच केबलला हात घालावा. नाहीतर झिजलेले लायनर तसेच राहतात आणि आपण निर्धास्त होतो. केबलचे तंतू तुटले असल्यास ती बदलावी. सांध्यांना ग्रीस द्यावे. मात्र लायनरला त्याचा थेंबही लागू देऊ नये. काम झाल्यावर जॅकवर चाके हाताने फिरवून पाहावीत, म्हणजे ब्रेक घासत राहिला नाही, याची खात्री होते.

सुटीत आपण महिनाभर गावी जातो. पावसाळ्यात ओल्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवला, तर शू गंजून ड्रमला चिकटतात. अशा वेळी सपाट जागी चाकांना ठोकळे लावून, गिअर टाकून, हँडब्रेक सोडून ठेवावा.

मित्रहो, चालक गाडीतून उतरतो, तेव्हा त्याची जबाबदारी संपत नाही. गाडी चालविताना आपले लक्ष रस्त्यावर असते; उभ्या गाडीकडे कोणाचेच लक्ष नसते. तिच्या आजूबाजूला निर्धास्तपणे वावरणाऱ्यांचा विश्वास त्या एका केबलवर टांगलेला असतो. आज घरी गेल्यावर आपला हँडब्रेक एकदा ओढून पाहा, एवढीच विनंती करून मी आपली रजा घेतो.