त्याच पांदणीनं



विचारवंत नरहर कुरुंदकरांच्या नांदेडात संमेलनाच्या अध्यक्षपदावरून बोलायचं, तर प्रश्न नीट विचारायची जबाबदारी आलीच. माझा प्रश्न असा : आडगावात घडलेल्या गुन्ह्याची कथा वाचकाला का धरून ठेवते?

ओसाड गढी, निर्जन माळ, अमावास्येची रात्र यांनी भीती वाटते. पण पुस्तक खाली ठेववत नाही ते वेगळ्या कारणानं. शहरातल्या रहस्यकथेत खुनी कोण, हे कुणालाच ठाऊक नसतं. गावात ते अनेकांना ठाऊक असतं आणि बोलत कुणीच नाही.

मी लातूरकडच्या खेड्यात वाढलो. माझ्या लहानपणी शिवारातल्या विहिरीत एका सालगड्याचं प्रेत सापडलं. दिवस मावळायच्या आत गावाचा आवाज खाली आला. पंचनाम्याला पंच मिळेनात. रात्री मी आजीला विचारलं, तेव्हा भाकरी थापता थापता ती एवढंच म्हणाली, "आपल्याला त्याच पांदणीनं रानात जायचंय, लेकरा." चार दिवसांनी गावाबाहेर पालं टाकून राहिलेल्या दोघांना पोलीस घेऊन गेले. गावानं सुटकेचा श्वास सोडला. तो श्वास मला आजही ऐकू येतो.

आजीच्या त्या वाक्यात ग्रामीण गुन्हेकथेचं सगळं मर्म आहे. भावकी, सोयरीक, पाण्याची पाळी, उसनं बियाणं : गावात प्रत्येक जण प्रत्येकाशी बांधलेला. खरं बोलायची किंमत तिथं रोज, आयुष्यभर मोजावी लागते. म्हणून अशा कथेतला साक्षीदार खुन्याइतकाच महत्त्वाचा असतो.

जगभरच्या लेखकांनी हे ओळखलं. १९३०च्या कादंबरीत अगाथा ख्रिस्तीनं मिस मार्पलला एका लहानशा इंग्रजी खेड्यात बसवलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांकडे बघूनच ती माणसाचा स्वभाव शिकली. महायुद्धात जपानच्या ओकायामा भागातल्या खेड्यात आसरा घेतलेल्या सेइशी योकोमिझोनं १९४६ मध्ये तिथल्याच मुलखातल्या जुन्या घराण्याची कुलीनता आणि तिच्याखाली दडलेला खून मांडला.

आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, गुरुनाथ नाईकांनी तीच वाट पुढं नेली. त्यांनी महाराष्ट्राला वाचायला लावलं, हे ऋण मोठं आहे. पण पोलीस पाटील, तलाठी आणि कोतवाल यांच्या नजरेतून उलगडणारी कथा आपल्याला अजून भरभरून लिहायची आहे. तिचा ऐवज आपल्या पायाखाली आहे. कोरलेला बांध, एका रात्रीत बदललेला फेरफार, सातबाऱ्यावरून उडालेलं बहिणीचं नाव, भानामतीच्या नावाखाली झाकलेलं वैर.

परभणी जिल्ह्यातलं मानवत इथून दूर नाही. १९७२ ते १९७४ या काळात, दुष्काळाच्या सावलीत, तिथं बायकांचे आणि कोवळ्या मुलींचे खून होत राहिले. गुप्तधनासाठीचे नरबळी म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. मुंबईहून आलेले पोलीस अधिकारी रमाकांत कुलकर्णी यांनी त्याचा तपास केला. २०२४ मध्ये त्यावर मालिकाही आली. अधिकारी बाहेरून आला, पण धागे गावातच होते. इतके दिवस कुणी काय पाहिलं आणि का गिळलं, हा प्रश्न मला खुनांइतकाच छळतो. तपास जिथं संपतो, तिथून साहित्याचं काम सुरू होतं.

आणि एक गोष्ट आपण मराठवाड्याच्या लेखकांनी विसरता कामा नये. गाव गप्प बसतं, तेव्हा आळ हवेत राहत नाही; ज्याला भावकी नाही, त्याच्यावर तो जाऊन बसतो. १८७१च्या इंग्रजी कायद्यानं जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवल्या. १९५२ मध्ये तो कायदा गेला, शिक्का मात्र राहिला. लातूर जिल्ह्यातल्या धनेगावच्या लक्ष्मण गायकवाडांनी 'उचल्या' या आत्मकथनातून तो शिक्का आतून कसा भाजतो ते सांगितलं. ते पुस्तक वाचल्यावर पालावरच्या माणसाला सोयीचा संशयित करणारी कथा लिहायला हात धजावू नये.

माझ्या तरुण लेखकमित्रांनो, उत्कंठा जरूर वाढवा. वाचकाला रात्रभर जागवा. पण शेवटच्या पानावर फक्त खुनी पकडू नका. गावानं काय लपवलं आणि त्याची शिक्षा कुणी भोगली, तेही सांगा. माझ्या आजीला बोलता आलं नाही. तिचा मला राग नाही. तिला खरंच त्याच पांदणीनं जायचं होतं. तिच्या वाट्याचं बोलणं आता आपल्याकडे आलं आहे.