हाक कशी द्यावी, हात कसे लावून घ्यावेत

(श्रीभैरवनाथ मंदिर जीर्णोद्धार व कलशारोहण समारंभात केलेले भाषण)



मी काही वक्ता नव्हे. तालुक्याच्या कचेरीत कारकुनी करणारा, एस. एस. सी. पर्यंत शिकलेला, आपल्यातलाच एक मनुष्य. आवक-जावक नोंदवही आणि फायली यांतच माझा दिवस जातो. परंतु श्रमदानासाठी माणसे जमविण्याचे काम समितीने माझ्याकडे दिले होते. त्यात काय चुकले आणि काय साधले, हे आपणापुढे ठेवावे अशी अध्यक्षांची आज्ञा झाली, म्हणून उभा आहे.

पूर्वी गावात काम निघाले की दवंडी पिटली जाई आणि घरटी एक माणूस चावडीपुढे येई. आज घरे तीच आहेत, पण घरातली तरुण मुले मुंबई-पुण्यास, कोणी त्याहून लांब. दवंडीचा आवाज तेथवर जात नाही. तेव्हा मोबाईलवरून हाक द्यावी असे ठरले. गावाच्या व्हॉट्सॲप गटात दोनशे तीस माणसे. मी मोठ्या उत्साहाने संदेश धाडला, 'देवाचे कार्य आहे, सर्वांनी श्रमदानास बहुसंख्येने उपस्थित राहावे.' संध्याकाळपर्यंत शंभरावर अंगठे आणि जोडलेले हात आले. माझा आनंद गगनात मावेना. सोळा घमेली आणि आठ फावडी उसनी आणून ठेवली. रविवारी सकाळी प्रत्यक्षात आले नऊजण, आणि त्यांतले तीन समितीचेच!

पारावर बसलेले एक वडीलधारे आबा म्हणाले, ''बाळ, दवंडी ऐकून माणूस दार उघडायचा. तुझा निरोप वाचून दार उघडावं लागत नाही, नुसता अंगठा उठतो.''

ते बोलणे मला लागले. घरी जाऊन स्वतःचाच संदेश पुन्हा वाचला, तेव्हा चूक उमगली. आमच्या कचेरीत एखाद्या पत्रावर 'सर्व संबंधितांनी कार्यवाही करावी' असा शेरा आला की ते पत्र या टेबलावरून त्या टेबलावर फिरते आणि कार्यवाही कोणीच करीत नाही. माझा संदेशही तसाच होता. काम कोणते, माणसे किती, वेळ कोणती, यांतले काहीच त्यात नव्हते. जे सर्वांचे, ते कोणाचेच नाही.

पुढच्या खेपेस मी असे लिहिले, 'रविवारी सकाळी सात ते दहा. सभामंडपाच्या जोत्यात मुरूम भरणे. वीस माणसे पाहिजेत. घमेली-फावडी येथे मिळतील, टोपी व पाण्याची बाटली आणावी. न्याहारीची सोय आहे. येणाऱ्याने खाली नाव लिहावे.' अंगठे फारसे आले नाहीत, पण बावीस नावे आली आणि अठराजण हजर झाले. त्या दिवशी समजले की मोघम विनंतीला माणूस मान डोलावतो, नेमके काम सांगितले तर स्वतःचा रविवार तपासून पाहतो.

नंतर एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाने मोबाईलवरच भरता येईल असा फॉर्म करून दिला. त्यात पाचच प्रश्न ठेवले. नाव, फोन, कोणते काम येते, कोणत्या दिवशी जमते, आणि गावी येणार की लांबूनच मदत करणार. हा शेवटचा प्रश्न त्या मुलाचा. मला वाटले होते, लांबून कसले श्रमदान? पण पुण्याच्या एका मुलीने तीन हस्तलिखित वह्यांतील देणगीदारांची यादी रात्री जागून टाइप केली आणि दोनदा आलेली नावे वेगळी काढली. बँकेतून निवृत्त झालेल्या एका गृहस्थांनी महिन्याचे जमाखर्च तपासले. सासरी गेलेल्या आपल्या मुलींनी जुन्या देवळाची छायाचित्रे शोधून पाठविली, त्यांतली काही याच स्मरणिकेत आहेत. देवळाच्या कामात आजवर ज्यांना कोणी विचारलेच नव्हते, अशी ही माणसे.

मंडळी, ही काही आपली एकट्याची युक्ती नव्हे. आपल्या सातारा जिल्ह्याने हे मोठ्या प्रमाणावर पाहिले आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनने वॉटर कप स्पर्धा सुरू केली तेव्हा वरुड, अंबाजोगाई आणि आपला कोरेगाव हे तीनच तालुके होते, आणि पहिला क्रमांक कोरेगाव तालुक्यातील वेळू गावाने मिळविला. २०१८ पर्यंत स्पर्धा पंचाहत्तर तालुक्यांत गेली. त्या वर्षी महाराष्ट्रदिनाच्या, १ मेच्या श्रमदानासाठी शहरातील लोकांना 'जलमित्र' म्हणून इंटरनेटवर नावे नोंदविण्याचे आवाहन झाले आणि नोकरदार, विद्यार्थी असे लोक खेड्यांच्या माळावर टिकाव-फावडे घेऊन उतरले. पण लक्षात घ्या, त्या लोकांना नुसते 'या' म्हटलेले नव्हते. गावातील माणसे आधी प्रशिक्षण घेऊन आलेली होती. समतल चर कोठे खणायचा, किती रुंद, किती खोल, हे त्यांना माहीत होते. म्हणून शहरातला नवखा मनुष्यही दोन तासांत उपयोगी पडू शकला. हाक इंटरनेटवरून गेली, पण तयारी माळावर झाली होती.

आणि गाडगेबाबांचे स्मरण केल्यावाचून हा विषय कसा पुरा होईल? १९५६ साली बाबा गेले, त्या काळी मोबाईल कोठला! गावात शिरले की ते प्रथम खराटा हाती घेत आणि रस्ता झाडू लागत. कीर्तन त्यानंतर रात्री. बोलावणारा स्वतः आधी कामाला लागला की बघ्याला हात बांधून उभे राहणे जड जाते. म्हणून आमच्या समितीने नियम केला की ज्याने संदेश धाडला त्याने सर्वांच्या आधी अर्धा तास हजर राहायचे.

आता दोन कटू गोष्टी. पहिली अशी की सुरुवातीस मी स्वयंसेवकांची यादी फोननंबरांसह गटात टाकली होती. पंधरा दिवसांत कोणा भामट्याने समितीच्या नावे खोटा क्यूआर कोड त्यांतल्या काहीजणांना पाठविला आणि एका विधवा भगिनीचे अकराशे रुपये गेले. तिने गाऱ्हाणे केले नाही. 'देवाला वाहिले म्हणते' एवढेच बोलली. समितीने ती रक्कम तिच्या नावे जमा धरली, पण चूक माझी होती. माणूस आपला नंबर कामासाठी देतो, चव्हाट्यावर मांडण्यासाठी नव्हे. २०२३ साली केंद्र सरकारने व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला, परंतु कायदा नसता तरी शहाणपण हेच होते. आता यादी दोघांपाशीच असते आणि स्वयंसेवकांच्या संदेशात पैशाचा विषय कधी काढीत नाही. असा प्रकार कोणाच्या बाबतीत घडला तर विलंब न लावता १९३० या सरकारी क्रमांकावर कळवावे.

दुसरी गोष्ट सांगताना आजही मान खाली जाते. चिंचवडला कारखान्यात काम करणारा एक तरुण फॉर्म भरून, रात्रीच्या एस. टी. ने उभ्याने प्रवास करून पहाटे आला. आपल्या गावचा नव्हे, गावच्या एका मुलाचा मित्र. त्या दिवशी गवंडी आलाच नाही, काम बंद होते, आणि हे कळवायचे मी विसरलो. आम्ही त्याला चहा दिला, पारावर बसविले, 'पाहुणे, आराम करा' म्हटले. तो दुपारपर्यंत बसला, मग आपण होऊनच मंडप झाडला, आणि परत गेला. पुढच्या संदेशाला त्याचे उत्तर आले नाही. मी फोन केला तेव्हा तो सौजन्याने म्हणाला, ''काका, तुमच्याकडे माणसे पुष्कळ आहेत.''

बंधूंनो, पुष्कळ नव्हती. एक होता, तोही आम्ही गमावला. देणगीदाराच्या शंभर रुपयांची आपण पावती फाडतो. मग ज्याने आपला एक दिवस दिला, त्याच्या दिवसाची पोच नको? तेव्हापासून मी हजेरीपट ठेवतो. कोण आले, काय काम केले, किती वाजता गेले ते लिहितो, रात्री प्रत्येकास दोन ओळी पाठवितो, आणि काम रद्द झाले तर आदल्या दिवशी फोन करतो, नुसता संदेश नव्हे. त्या हजेरीपटातील सर्व नावे समितीने स्मरणिकेच्या शेवटी छापली आहेत. मंडप झाडणाऱ्या त्या तरुणाचे नावही त्यात आहे. एक प्रत टपालाने त्याला धाडणार आहे.

माझे म्हणणे एवढेच की मोबाईलमुळे बोलावणे सोपे झाले, पण आलेल्या माणसाला कामात सामावून घेणे पूर्वीइतकेच अवघड आहे, आणि ते गावालाच करावे लागते.

आज कळस चढला. उद्यापासून देऊळ झाडायचे कोणी, हा प्रश्न आहे. पावसापूर्वी देवळामागचा ओढा साफ करायचा आहे, त्यास दोन रविवार बाराजण पाहिजेत. जुन्या धर्मशाळेच्या खोलीत मुलांसाठी अभ्यासिका काढण्याचा विचार आहे, त्यास संध्याकाळी तासभर बसणारे चारजण पाहिजेत. आणि लांब राहणाऱ्यांपैकी दोघांनी आठवड्यातून एकदा फोनवरून दहावीच्या मुलांचे गणित घ्यावे. अठरा माणसांचे हे काम आहे, एकोणिसाव्याला सध्या 'थांबा' म्हणेन, पण नाव लिहून ठेवीन.

महाप्रसादाच्या मांडवाशी वही ठेवली आहे, आणि लांबच्या मंडळींसाठी फॉर्म गटात टाकला आहे. कृपा करून अंगठा दाखवू नये. नाव लिहावे, वार लिहावा. त्या वारी मी आधी अर्धा तास खराटा घेऊन हजर असेन.



भैरवनाथाच्या नावानं चांगभलं!