दप्तरातली माहितीही ठेवच आहे



आपल्या गटाच्या दप्तरात काय काय असतं ते आठवा. इतिवृत्त, बचत-कर्जाची नोंदवही आणि एका फायलीत सगळ्यांच्या आधार-पासबुकाच्या झेरॉक्स. हल्ली त्यांचे फोटो सचिवताईंच्या मोबाईलमध्येही असतात. पेटीतल्या पैशाला आपण कुलूप लावतो. या माहितीला लावतो का?

२०२३ साली डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला. लोकांची माहिती ठेवणाऱ्या संस्थेला त्यात विश्वस्ताची जागा दिली आहे. म्हणजे माहिती सदस्याची, आपल्याकडे ती नुसती ठेव. विचारून घ्यायची आणि सांगितलेल्या कामालाच वापरायची, याला म्हणतात संमती. कर्जासाठी दिलेला आधार परस्पर दुसऱ्या योजनेला लावला, तर ती संमती नव्हे. हरिहरेश्वरला घरगुती राहण्याची सोय करणाऱ्या तायांकडे पाहुण्यांच्या आधारच्या प्रती असतात. त्यांनाही हेच लागू. पाहुण्याने शेवटचे ४ आकडेच दिसणारा ‘मास्क्ड आधार’ दिला, तर नको म्हणू नका.

आता तीन शब्द, जे सारखे एकमेकांत मिसळतात. गावात चोर फिरतोय, हा धोका. आपल्या मागच्या दाराची कडी मोडलीय, हा कच्चा दुवा. त्यामुळे घरातले दागिने जाऊ शकतात, ही जोखीम. चोर काही आपल्या हातात नाही, कडी आहे. मोबाईलला लॉक नसणं, सगळीकडे एकच पासवर्ड, पिन पासबुकावर लिहिलेला, या आपल्या मोडक्या कड्या.

फिशिंग म्हणजे गरीला आमिष लावून टाकणं. सुट्टीच्या हंगामात फोन येतो, “चार खोल्या हव्यात, आगाऊ रक्कम पाठवतो, हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका.” पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन टाकला की पैसे जातातच.

मालवेअर म्हणजे यंत्रात शिरलेला घुसखोर प्रोग्राम. १९०६ साली सुरू झालेल्या पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून ऑगस्ट २०१८ मध्ये अशाच मार्गाने सुमारे ९४ कोटी रुपये गेले. २८ देशांतल्या एटीएममधून पैसे काढले गेले. एवढ्या जुन्या बँकेत जे शिरू शकलं, ते आपल्या मोबाईलमध्येही शिरेल. लग्नपत्रिका म्हणून आलेल्या फायलीच्या नावाशेवटी ‘एपीके’ असेल तर ती उघडू नका.

डेटा फुटणं म्हणजे माहिती नको त्या हाती जाणं. त्याला हॅकरच लागतो असं नाही. मोबाईल हरवला, आधारचा फोटो चुकून भलत्याच व्हॉट्सॲप ग्रुपवर गेला, तरी डेटा फुटला. तेव्हा लपवू नका. ज्यांची माहिती गेली, त्यांना त्याच दिवशी सांगा.

आणि पैसे गेले तर लगेच १९३० ला फोन आणि बँकेला कळवणं. उशीर झाला की पैसे पुढच्या खात्यात सरकतात. पण बाई गप्प बसते. घरचे ओरडतील, मोबाईल काढून घेतील, ही भीती. म्हणून तिने पहिल्यांदा गटात येऊन सांगावं आणि आपण “तुला कळत नव्हतं का?” असं विचारू नये. तिच्या शेजारी बसून १९३० लावावा.

पुढच्या सभेत एवढं ठरवा: फाईल कुलपात, सचिवताईंच्या मोबाईलला लॉक, काम झालेले आधारचे फोटो डिलीट. ठराव इतिवृत्तात लिहा, सह्या घ्या.